तुऱ्यांची वही

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका कोंबडीची माफी मागत होते. निफाडकडच्या एका गावात, कुणाच्या तरी ओसरीवर उकिडवे बसून, पांढरी कोंबडी काखेत धरून ते तिला म्हणत होते, "पुन्हा त्रास देतोय, रागावू नका." मग त्यांनी तिचा पंख उलगडला, सुईने थोडंसं रक्त काढलं, कापूस दाबून धरला. तिला खाली सोडण्याआधी खिशातून एक वही काढली आणि तिच्या तुऱ्याचं चित्र काढलं. मी बी.एस्सी. होऊन, वर्षभर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे उंबरे झिजवून, हातात नेमणुकीचं पत्र घेऊन उभी होते. मनात म्हटलं, नोकरी मिळाली खरी, पण साहेब वेडा आहे.

पुढच्या चार वर्षांत मला कळलं, की माझं निदान अर्धंच बरोबर होतं.

आणीबाणी उठली त्या सुमाराची ही गोष्ट. आमचं ऑफिस म्हणजे पंचवटीत एका लाकडाच्या वखारीवरच्या दोन खोल्या. डासांमधून माणसांना आणि जनावरांना होणारे विषाणूंचे ताप शोधायचे, हे काम. मेंदूपर्यंत पोचणारा एक ताप दुसऱ्या राज्यांत पोरांना मारत होता. तो आपल्याकडे येतोय का, याच्यावर लक्ष ठेवायला सरकारने आम्हाला बसवलं होतं. साहेब, मी आणि एक शिपाई, एवढंच ते सरकार.

लक्ष ठेवायचं ते कोंबड्यांकरवी. कोंबडीला त्या तापाचं काही होत नाही. पण विषाणू घेतलेला डास तिला चावला, तर तिच्या रक्तात त्याची खूण राहते. म्हणून तळ्याकाठच्या त्या गावात बारा घरांत बारा कोंबड्या ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीच्या पायात नंबराचं कडं. करार साधा होता: अंडी घरच्यांची, कोंबडी सरकारची. विकायची नाही, खायची नाही. दर पंधरा दिवसांनी आम्ही जाऊन रक्त घ्यायचं आणि बर्फात घालून मुख्य प्रयोगशाळेला पाठवायचं. तिथून दोनेक महिन्यांनी उत्तर यायचं. मी रुजू झाले तेव्हा हे पाच वर्षं चाललं होतं, आणि पाचही वर्षं प्रत्येक कोंबडीपुढे एकच शब्द लिहिलेला होता: नाही.

एकदा मी कंटाळून म्हटलं, सर, इतक्या वर्षांत काही सापडलंच नाही. ते रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, "बाई, 'नाही'लाही तेवढंच रक्त लागतं."

त्यांच्या विजारीचा डावा पाय कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेला असे. संध्याकाळी गोठ्यात बसून, चावायला येणारे डास काचेच्या नळीने ओढून पकडायचे, ही आमच्या कामाची रीतच होती, आणि त्यासाठी ते स्वतःचा पाय पुढे करत. उजवा झाकलेला का, तर म्हणे तुलनेसाठी. पण जित्याची खोड. ते ऑफिसातही तसेच, बँकेतही तसेच. आमच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी नवरदेवाच्या बापाच्या मानेवरचा डास नळीने टिपला आणि अक्षता टाकायच्या सोडून उजेडाकडे धरून त्याचे पाय बघत उभे राहिले. नवरदेवाचा बाप फार चांगला माणूस असावा, कारण त्याने डासाचं नाव विचारलं.

डास मारलेला त्यांना खपत नसे. मी एकदा सवयीने दंडावर चापट मारली, तर त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी कुणाचं पत्र न वाचता फाडलंय.

एस.टी.त ते बर्फाच्या थर्मासचं वेगळं तिकीट काढत. नाशिकच्या सीबीएस स्टँडवर कंडक्टरशी दर वेळी तोच वाद. कंडक्टर म्हणे, सामान मांडीवर घ्या. हे म्हणत, मांडी गरम असते, याला स्वतःची जागा हवी. तिकीट हातात असल्यावर कंडक्टर तरी काय बोलणार? निफाडपर्यंत थर्मास खिडकीशी बसून जाई आणि आम्ही दोघं पुष्कळदा उभे.

आता एक गोष्ट, जी मला सांगायला अजून जड जाते. माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात कामगार. आम्ही बौद्ध. घरात शिक्षणाला मान होता आणि नाशकात कुणी तोंडावर काही बोलत नसे. पण गावातल्या पहिल्याच फेरीला एका घरी माझं आडनाव विचारलं गेलं, आणि चहा आला तेव्हा साहेबांना कपबशीत आणि मला कान तुटलेल्या, गोठ्याच्या वळचणीला ठेवलेल्या कपात आला. मी मूग गिळून तो प्यायले. साहेबांनी पाहिलं की नाही, कळलं नाही. परत येताना ते वाटभर डासांबद्दलच बोलले. पुढच्या फेरीला मात्र त्यांच्या पिशवीतून दोन स्टीलचे पेले निघाले, अगदी सारखे. कुठल्याही घरी चहा आला की ते दोन्ही पुढे करायचे आणि गंभीरपणे सांगायचे, प्रयोगशाळेचा नियम आहे, बाहेरची भांडी चालत नाहीत. मीही भोळी. मला वाटलं, असेल नियम.

आणि ती वही. बाराही कोंबड्या पांढऱ्या, सरकारी योजनेतल्या, एका छापाच्या. आम्ही त्यांना नंबराने ओळखायचो. साहेब म्हणत, कडं पायात असतं, कोंबडीत नसतं. म्हणून दर फेरीला प्रत्येकीचा तुरा वहीत काढायचा: दाते किती, कुठे तुटलाय, कुठल्या बाजूला कललाय. नंबर नऊ म्हणजे सहा दाते, चौथा तुटका, तुरा डावीकडे. मुख्य कार्यालयातून एक अधिकारी तपासणीला आले होते. त्यांनी वही चाळली आणि मला हळूच विचारलं, यांच्या घरी सगळं ठीक आहे ना?

मी कामाला लागून चौथं वर्ष चालू होतं, तेव्हा उन्हाळ्यात वरून पत्र आलं. इतक्या वर्षांत काही निष्पन्न न झाल्याने हे युनिट मार्चअखेर बंद करण्याचा विचार आहे. म्हणजे साहेबांची निवृत्ती दोन वर्षं आधी, आणि मी घरी. मी तेव्हा अजून कायम झालेली नव्हते. साहेबांनी पत्र फाइलला लावलं आणि बर्फ सांगायला गेले.

आखाडात ते आजारी पडले. इतकी वर्षं डासांना पाय दिल्यावर कधीतरी ते व्हायचंच होतं. हिवताप निघाला. पण निदान व्हायच्या आधीच त्यांनी स्वतःचं रक्त काढून बाटलीवर 'क्रमांक तेरा' लिहून ठेवलं होतं. दीड महिना ते अंथरुणात होते, आणि तेवढ्या काळातल्या तिन्ही फेऱ्या मी एकटीने केल्या.

मी रक्त नीट घेतलं, बर्फ नीट भरला, थर्मासचं तिकीटसुद्धा काढलं. पण पाऊस, चिखल, भिजून अंग चोरणाऱ्या कोंबड्या, बारा घरं आणि साडेपाचची शेवटची गाडी. तुरे काढायला कुणाला वेळ होता? मी गाडीत बसून मागच्या पानावरची चित्रं पुढच्या पानावर उतरवली. छान उतरवली, अगदी चौथ्या दात्याच्या तुटीसकट. तीन वेळा.

गौरी-गणपतीच्या सुमारास त्या गावात एका आठवड्यात दोन पोरं गेली. ताप, झटके, शुद्ध हरपणं, संपलं. गावाची पाचावर धारण बसली. आणि चौथ्या दिवशी प्रयोगशाळेची तार आली. माझ्या पहिल्या फेरीतलं रक्त, कोंबडी नंबर नऊ: होय.

नवव्या वर्षी पहिला 'होय'. पाठोपाठ वरून फोन आला. अभिनंदन, युनिट बंद करण्याचा प्रश्नच नाही, माणसं वाढवून देतो. आजवर उंटावरून शेळ्या हाकणारे आता स्वतः येतो म्हणाले. शिपायाने पेढे आणले. मी वडिलांना सांगून टाकलं, की मी आता कायम होणार.

गावात मात्र त्या 'होय'चा वेगळाच अर्थ लागला. तालुक्याहून आलेल्या एका साहेबांनी सांगितलं, की हा विषाणू डुकरांत वाढतो आणि डास तो तिथून उचलतो. त्यात खोटं काहीच नव्हतं. तळ्याच्या काठाला डुकरं पाळणाऱ्यांची आठ झोपड्या होत्या. गावाने ठरवलं, सोमवारी सभा घ्यायची आणि ती आठ घरं उठवायची. काहींना सोमवारपर्यंतही दम नव्हता.

साहेब नुकते उठून बसायला लागले होते. पेढा त्यांनी हातात धरला, पण खाल्ला नाही. म्हणाले, आधी नऊ नंबरला भेटून येऊ. सोमवारी सकाळी आम्ही गेलो.

नऊ नंबर हौसाबाईंकडे असायची. हौसाबाई म्हणजे एकट्याने संसार ओढलेली, कडक बोलणारी बाई. साहेबांनी कोंबडी उचलली, नेहमीसारखी माफी मागितली आणि तुऱ्यावरून बोट फिरवत मोजलं. पुन्हा मोजलं. पाच दाते, एकही तुटका नाही, आणि तुरा उजवीकडे. मग त्यांनी माझी तीन पानं उघडली. सहा, तुटका, डावीकडे. सहा, तुटका, डावीकडे. सहा, तुटका, डावीकडे.

ते माझ्याकडे वळले. आवाज नेहमीचाच होता.

"बाई, ही तीन चित्रं तुम्ही कोंबडी बघून काढलीत, की पान बघून?"

त्या एका क्षणात मला सगळं लख्ख दिसलं. 'कोंबडी बघून' म्हटलं, तर कोंबडी बदलली ती माझ्या फेऱ्यांनंतर. म्हणजे रक्त खऱ्या नऊ नंबरचं. म्हणजे 'होय' खरा, युनिट जिवंत, मी कायम. आणि संध्याकाळी आठ घरं रस्त्यावर. 'पान बघून' म्हटलं, तर नऊ वर्षांत हाती आलेला एकुलता एक 'होय' मी स्वतःच्या हाताने मातीत घालणार. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. साहेब थांबून राहिले. त्यांनी मला घाईही केली नाही आणि धीरही दिला नाही.

"पान बघून," मी म्हटलं.

ते ऐकून हौसाबाई खाली बसल्या. "त्या पोरीला बोलू नका सायेब," त्या म्हणाल्या. "म्याच केलं. आखाडात जावई आले, पहिल्यांदाच. गावात कोंबडी मिळंना. तुमची कापली. मंग वाटलं, सरकारी हाय, केस व्हईल. भैनीकडं अशीच पांढरी व्हती, ती आनली न् कडं हिच्या पायात घातलं. पांढऱ्याला पांढरी, कोन बघतंय?"

बहीण घोटीकडची, भातखाचरांच्या भागातली. साहेबांनी हौसाबाईंना रागाचा एक शब्द ऐकवला नाही. बहिणीच्या गावाचं नाव लिहून घेतलं, तिथे कुणाला ताप आहे का ते विचारलं, कोंबडीच्या पायातलं कडं काढून खिशात टाकलं. मग वही आणि पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, बसा, हिचा तुरा काढा. मी तिथेच अंगणात उकिडवी बसले. डोळ्यांत पाणी, कोंबडी हलतेय. चित्र असं निघालं की जणू बटाट्याला कोंब फुटलेत.

संध्याकाळी शाळेपुढे सभा भरली. साहेब एक पाय उघडा टाकून उभे राहिले आणि सांगितलं, की ज्या कोंबडीवरून तुम्ही हे ठरवताय ती या गावची नाही. कशी बदलली, ते सांगितलं नाही. आमच्या ऑफिसची चूक आहे, एवढंच म्हणाले. लोक खवळले. गेलेल्या दोन पोरांपैकी एकाचा बाप पुढे आला. त्याने आरडाओरडा केला नाही, ते जास्त वाईट होतं.

"मंग माझा पोरगा कशानं गेला, ते सांगा."

"मला माहीत नाही," साहेब म्हणाले. "माहीत असतं तर तुमच्या पायाशी येऊन सांगितलं असतं. डुकरांमुळे नाही असंही मी म्हणत नाही. नऊ वर्षं इथल्या कोंबड्या मला सांगतायत, की तो ताप इथे नाही. उद्या हो म्हणाल्या तर मीच पहिला येईन. पण परगावच्या कोंबडीच्या साक्षीवर माणसाचं घर मोडू नका. मला आठ दिवस द्या. मी त्यांच्यातच बसतो."

हिवतापातून जेमतेम उठलेला माणूस खरोखरच जाऊन बसला. आठ दिवस, रोज दिवेलागणीला, तळ्याकाठी डुकरांच्या गोठणात डावा पाय उघडा टाकून. मी नळ्या भरत होते. दिवसा डुकरांचं रक्त घ्यायचं. त्यांनी डुकरांचीही माफी मागितली. डुकरांनी ती स्वीकारली नाही, आणि आम्ही दोघं दोनदा चिखलात लोळलो. गावातली माणसं लांब उभी राहून बघायची. हा माणूस इथे बसून मरत नाही, तर घाई कशाला, असं हळूहळू त्यांचं झालं असावं.

पहिल्याच दिवशी तिथल्या एका म्हातारीने, भागाबाईने, बिचकत चहा आणला. दोन कप, टवके उडालेले. मी सवयीने पिशवीतले पेले काढायला गेले. साहेबांनी मान हलवली आणि तिच्या हातातला कप घेतला. मी हळूच विचारलं, सर, नियम?

"तो इथे लागू नाही," ते म्हणाले आणि फुर्र करून चहा प्यायले.

चार वर्षांनी, त्या डबक्याकाठी, मला तो नियम काय होता ते कळलं. मी कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

डुकरांचं उत्तर आलं तोवर दिवाळी होऊन गेली होती. सगळ्यांपुढे 'नाही'. एव्हाना गाव उसाच्या तोडीत गुंतलं होतं आणि घरं उठवण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. ती वस्ती अजून तिथेच आहे. परवा त्या बाजूला गेले होते, आता विटांची घरं झालीत. पोरं कशाने गेली, ते मात्र कधीच कळलं नाही. मी पुढे तीस वर्षं प्रयोगशाळांत काढली, मलाही माहीत नाही.

साहेबांनी वर अहवाल पाठवला. 'होय' रद्द समजावा, मात्र बदली कोंबडी जिथून आली त्या भातपट्ट्यात पाहणी व्हावी. तिकडे पुढे दुसरं पथक गेल्याचं ऐकलं. आमचं युनिट मार्चअखेर बंद झालं. अहवाल टपालात टाकण्याआधी त्यांनी मला वाचून दाखवला. मला वाटलं होतं, माझी चूक ते पोटात घालतील. तसं काही नव्हतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, "सहायक बाईंनी तीन वेळा चित्र पान बघून काढले." मला फार लागलं. पुढचं वाक्य होतं, "विचारल्यावर नुकसान होत असूनही खरे सांगितले." दोन्ही खरं आहे ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पाच महिन्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत मुलाखतीला गेले, तेव्हा टेबलावर माझी फाइल उघडी होती, आणि विचारणाऱ्यांचं बोट त्या दुसऱ्या वाक्यावर होतं.

ऑफिस आवरताना प्रत्येक वस्तूची यादी झाली. थर्मास, नळ्या, खुर्च्या, रजिस्टरं. तुऱ्यांची वही यादीत बसेना. मुख्य कार्यालयाने कळवलं, की अशी कोणतीही नोंदवही विहित नाही. साहेबांनी ती मला दिली. पेलेही दिले, ते त्यांचे स्वतःचेच होते. आदल्या दिवशी ते गावात जाऊन अकरा कोंबड्यांच्या पायातली कडी काढून आले होते आणि प्रत्येक घरी सांगून आले होते, आता या तुमच्या.

ते जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्याकडे पदव्यांची, नेमणुकांची, निरोपसमारंभाची कागदपत्रं एका ट्रंकेत आहेत. ती वही उशाच्या कपाटात असते. नऊ नंबरची पानं मी अजून अधूनमधून काढते. माझी ती तीन सुबक चित्रं त्यांनी खोडली नाहीत. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात फक्त लिहून ठेवलंय: पान बघून. पान बघून. पान बघून. त्यापुढच्या पानावर तो हौसाबाईंच्या अंगणातला बटाटा आहे, एका कोपऱ्यात पाण्याच्या थेंबाने फुगलेला. वर त्यांनी लिहिलंय, "ही ती नव्हे." आणि खाली, त्याच बारीक अक्षरात, एकच शब्द: बघून.